भूपाच्या वाटेने चिनी वाद्याकडे

मुलांच्या संगीतशिक्षणात परदेशी वाद्यांचा विषय निघाला, की पियानो, गिटार आणि व्हायोलिन यांच्यापलीकडे आपली दृष्टी सहसा जात नाही. वास्तविक भायखळ्याच्या शेजारी माझगावात, नवाब टँक मार्गावर, चिनी समाजाने १९१९ साली उभारलेले सी यिप मंदिर आजही उभे आहे. परंतु ज्या संस्कृतीतून ही माणसे आपल्या बंदरात आली, तिचे एखादे तंतुवाद्य आपल्या मुलांनी हाताळावे, हा विचार आपल्या शिक्षणव्यवस्थेस अद्याप शिवलेला नाही.

गुझेंग या वाद्याचेच उदाहरण घ्यावे. लांबट लाकडी पेटीवर बहुधा २१ तारा ताणलेल्या असून प्रत्येक तारेखाली सरकती घोडी असते. उजव्या हाताच्या बोटांना कृत्रिम नख्या बांधून तारा छेडायच्या आणि घोडीच्या डावीकडे तार दाबून स्वर चढवायचा, अशी त्याची वादनपद्धती आहे. या तारा पाचच स्वरांत मिळवण्याचा प्रघात असून ते पाच स्वर म्हणजे आपले सा, रे, ग, प, ध, अर्थात ज्या भूपाने आपल्याकडे असंख्य मुलांचा रागसंगीतात प्रवेश होतो, त्याच भूपाचे स्वर होत. त्यात वर्ज्य असलेले मध्यम आणि निषाद मोकळ्या तारांत नसतात. गंधाराची तार दाबली की मध्यम आणि धैवताची दाबली की निषाद उमटतो. वर्ज्य स्वराची कल्पना मुलास बोटांनी कळावी, याहून सुगम साधन ते कोणते?

म्हणूनच परिचयाचा क्रम असा असावा, की मुलांनी प्रथम भूपाची सरगम गावी, मग तेच स्वर गुझेंगच्या तारांवर स्वतः शोधावेत, आणि अखेरीस तार दाबून निघणारी मींड ऐकावी. देशाचा इतिहास आणि वाद्याचे वय त्यानंतर सांगितले तरी चालेल.

आधी आपली सतार तरी मुलांस कळू द्या, हा आक्षेप रास्त वाटला तरी टिकणारा नाही. कारण चीनचा भूपाशी संबंध नसताही तेच पाच स्वर तेथे निराळ्या चालीने नांदतात, हे ऐकलेल्या मुलास भूप म्हणजे केवळ स्वरसंख्या नव्हे, त्यास स्वतःचे चलन आहे, हे अधिक स्पष्टपणे उमगते. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या ध्वनिमुद्रिकेत गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, आणि ग्वान पिंगहू यांनी गुचिन या सात तारांच्या चिनी वाद्यावर वाजवलेली रचनाही आहे. मानवजातीचा परिचय देताना जी शेजारी ठेवण्यास योग्य ठरली, ती आपल्या मुलांस एकाच तासात ऐकवण्यास कोणती अडचण आहे?

भायखळ्यात राणीच्या बागेलगत १८७२ पासून लोकांसाठी खुले झालेले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, आणि आसपास महापालिकेच्या शाळाही आहेत. संग्रहालयाच्या चालकांनी व शाळाखात्याने मिळून एका गुझेंगची आणि ते जाणणाऱ्या वादकाची तरतूद करावी, वाद्य काचेआड न ठेवता मुलांच्या हाती द्यावे, आणि हा तास वार्षिक शिरस्त्यात सामील करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पालकांनीही आपल्या मुलांच्या शाळेकडे तसा लेखी अर्ज जरूर करावा.