मांडी मायेची, सुरक्षा पट्ट्याची

गणेशोत्सवासाठी कोकणात निघालेल्या एखाद्या मोटारीत सहज डोकावून पाहावे. पुढच्या आसनावर आजी, तिच्या मांडीवर वर्षभराचे नातवंड. मागे दाटीवाटीने बसलेली मंडळी आणि पुढच्या दोन आसनांच्या मधल्या जागेत उभे राहून रस्ता न्याहाळणारे चार वर्षांचे पोर. दृश्य कौटुंबिक सौख्याचे दिसते. परंतु त्या मोटारीत सर्वाधिक असुरक्षित कोणी असेल, तर ती हीच दोन बालके होत.

ध्रुवबाळाच्या कथेपासून मांडी म्हणजे लेकराचे हक्काचे स्थान, हा संस्कार मराठी मनावर झालेला आहे. घरात तो योग्यच आहे. मात्र मायेला गतीचे नियम बदलता येत नाहीत. ताशी ५० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर दहा किलो वजनाचे मूल धरून ठेवण्यास सुमारे १४० किलो वजन पेलण्याइतके बळ लागते. ते कोणत्या मातेच्या हातांत असते? एकाच पट्ट्यात स्वतःसह मुलाला गुंडाळून घेणे तर अधिकच घातक. कारण मोठ्या माणसाचा सारा भार मुलावर येतो. प्रौढांचा जीव वाचवणारी एअरबॅगही पुढे बसलेल्या तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकते.

यावरील उपाय नवा नाही. अंतराळवीरांच्या आसनांवरून स्फूर्ती घेऊन स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांनी १९६४ साली मागे तोंड असलेल्या बालआसनाचा नमुना सिद्ध केला. तान्ह्याचे डोके शरीराच्या मानाने जड, मान नाजूक. आसन मागे तोंड करून बसवले की आघात संपूर्ण पाठीवर विभागला जातो. मूल मोठे झाले की पुढे तोंड असलेले आसन आणि त्यानंतर उंची सुमारे १३५ सेंटिमीटर होईपर्यंत पट्टा खांद्यावर नीट बसावा म्हणून उंच बैठक, असा हा क्रम आहे. अशा साधनांनी अर्भकांचे मृत्यू ७१ टक्क्यांपर्यंत घटू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

भारतातही कायदा झालेला आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलाला पट्टा वा बालआसन नसेल, तर एक हजार रुपये दंड आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तेव्हा मागील आसनावरील पट्ट्याची देशभर चर्चा झाली. त्या चर्चेत मुले मात्र फारशी आलीच नाहीत.

बालआसन महाग पडते, मूल रडते, अंतर जवळचेच आहे, या सबबी सर्वपरिचित आहेत. लाखो रुपयांची मोटार घेताना संगीतयंत्रणेसाठी वेगळे पैसे मोजणाऱ्या घराने खर्चाची सबब सांगावी, हे पटणारे नाही. ज्यांना खरोखरच परवडत नाही, त्यांच्यासाठी पाळण्याप्रमाणे हे आसनही आप्तांमध्ये फिरू शकते. फक्त ते फार जुने नसावे आणि अपघातात सापडलेले नसावे. रडण्याविषयी म्हणाल, तर लस टोचतानाही मूल रडतेच. म्हणून कोणी लस चुकवीत नाही. पहिल्या दिवसापासून लावलेली सवय मुलाच्या अंगवळणी पडते. आणि अपघात घराचे अंतर मोजून होत नाहीत.

पोलीस प्रत्येक मोटारीत डोकावू शकणार नाहीत. हा नियम घरातील वडीलधाऱ्यांनीच पाळावयाचा आणि पाळून घ्यावयाचा आहे. मुले बांधली गेल्याशिवाय किल्ली फिरणार नाही, एवढा दंडक आजी-आजोबांनी घालून दिला, तरी पुरे. ध्रुवाला मांडी नाकारली गेली, पण पुढे अढळपद लाभले. आजच्या बालकालाही मोटारीत मांडीपेक्षा अढळ अशा आसनाचीच अधिक गरज आहे.