चालतं, पण कोणाच्या जिवावर?

आपल्या हॉस्टेलवर दरवर्षी पहिलं सेमिस्टर जरा स्थिरावलं की पीसी असेंबल करायची साथ येते. घरून पैसे येतात, कोणीतरी सीनियर कागदावर 'कॉन्फिग' लिहून देतो, शनिवारी मंडळी मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जातात आणि रात्री खोक्यांसकट परततात. त्या कागदावर प्रोसेसर असतो, बोर्ड असतो, रॅम असते, रंगीबेरंगी दिव्यांचं कॅबिनेट तर असतंच असतं. लिनक्स मात्र नसतं. ते "नंतर टाकू". माझं म्हणणं एवढंच, की ज्याला लिनक्सच वापरायचंय त्याने कागदाची पहिली ओळ लिनक्सची लिहावी आणि मग बाकीचं सामान ठरवावं. उलट्या क्रमाने गेलं की पैसे वाया जातात, आणि ते पैसे बहुतेकांच्या बाबतीत वडिलांचे असतात.

"दुकानदाराला विचारू की," असं कोणी म्हणेल. जरूर विचारा. काय कशात बसतं हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. एएम४ बोर्डात डीडीआर४ लागते, एएम५ मध्ये फक्त डीडीआर५. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटचे बोर्ड मात्र दोन्ही प्रकारचे मिळतात, तेव्हा बोर्डाचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचं. रायझन ५६०० ला स्वतःचं ग्राफिक्स नाही, ५६००जी ला आहे. जुन्या बी४५० बोर्डावर रायझन ५००० मालिका बसवायची तर आधी बायोस अपडेट हवं. हे सगळं तो सांगेल. पण त्याच्या दृष्टीने स्क्रीनवर विंडोज आलं की मशिन 'ओके'.

आपला प्रश्न तिथून पुढे सुरू होतो: या भागाचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे का? नुसतं "लिनक्सवर चालतं" हे उत्तर मला पुरत नाही. कर्नलचे आतले इंटरफेस कायम ठेवण्याचं वचन कोणी दिलेलं नाही, ते बदलत असतात. जो बदलतो त्यानेच कर्नलमधल्या सगळ्या ड्रायव्हरांत दुरुस्ती करायची, असा तिथला रिवाज. त्यामुळे ड्रायव्हर आत असेल तर त्याची काळजी कोणीतरी घेत राहतं. बाहेरचा असेल तर नव्या कर्नलसाठी तो पुन्हा कंपाइल व्हावा लागतो, आणि कंपनीचं लक्ष उडालं की एक दिवस तो होत नाही. नेमका सबमिशनच्या आदल्या रात्री, हे सांगायला नकोच.

सरांच्या पिढीला विनमोडेम आठवत असेल. २००० च्या आसपास स्वस्त मोडेममध्ये मोडेमचं बरंचसं काम विंडोजच्या सॉफ्टवेअरवर ढकललेलं असायचं. लिनक्सवर ते कार्ड म्हणजे नुसता पत्रा. नाव बदललं, जात तीच आहे. आज तोच अनुभव वायफायमध्ये येतो. इंटेलची एएक्स२१० आणि एएक्स२११ ही दोन कार्डं शेजारी ठेवली तर एका अंकाचा फरक. एएक्स२१० स्वतंत्र पीसीआय-एक्स्प्रेस कार्ड आहे, एएमडीच्या बोर्डावरही चालतं, ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे. एएक्स२११ चा अर्धा मेंदू इंटेलच्या चिपसेटमध्ये असतो. एएमडीच्या बोर्डात ते स्क्रू लावून अगदी नीट बसतं आणि तसंच बसून राहतं. बॉक्सवरच्या वेगाच्या आकड्यांपेक्षा हा एक अंक महत्त्वाचा.

ग्राफिक्स कार्डावरून आपल्याकडे भांडणं होतात, म्हणून जरा सविस्तर. २०१२ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्सने फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात एनव्हिडियाला जाहीर शिवी दिली, हे सगळ्यांना पाठ आहे. त्यानंतर २०२२ मध्ये त्या कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला, हे फारसं कोणी सांगत नाही. पण तो ट्युरिंग आणि त्यापुढच्या पिढ्यांसाठीच. सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळणारं जीटीएक्स १०६० त्याआधीच्या पास्कल पिढीचं. त्याला कंपनीच्या ५८० या शाखेच्या पुढचा ड्रायव्हर नाही. आणि नूव्हो हा खुला ड्रायव्हर त्याचा क्लॉक वाढवूच शकत नाही, कारण त्यासाठी लागणारं सही केलेलं फर्मवेअर कंपनीने दिलेलं नाही. कार्ड धडधाकट, पण किल्ली दुसऱ्याच्या खिशात. याउलट एएमडीचा खुला ड्रायव्हर २०१५ मध्ये कर्नल ४.२ मध्ये आला आणि २०१७ चं आरएक्स ५८० त्यावर आजही काही न टाकता चालतं. (फर्मवेअर त्यांचंही बंदच आहे. कोणी संत नाही.)

ज्यांचा बीईचा प्रोजेक्ट कुडावर आहे त्यांना मी एएमडी घ्या म्हणणार नाही. त्यांनी एनव्हिडियाच घ्यावं, फक्त जीटीएक्स १६ किंवा आरटीएक्स मालिकेच्या खाली उतरू नये. बाकीच्यांना, म्हणजे कोड लिहिणं आणि सिनेमे बघणं एवढंच करणाऱ्यांना, प्रोसेसरमधलं ग्राफिक्स पुरतं. उरलेल्या पैशात रॅम वाढवा. २०२५ अखेरच्या भाववाढीनंतर ती काही स्वस्त राहिलेली नाही.

अगदी नवं कोरं सामान घेणाऱ्यांसाठी एक इशारा. कार्ड नवं आणि कर्नल जुना, हे जमत नाही. इंटेलच्या पहिल्या आर्क कार्डांना कर्नल ६.२ पासून सरळ आधार मिळाला, आणि २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये कर्नल होता ६.१. एवढ्याशा फरकाने काम अडतं. सेकंडहँड घेताना तर पेनड्राइव्हवर लाइव्ह लिनक्स घेऊनच जा, विकणाऱ्यासमोर मशिन त्यावर चालू करा आणि 'एलएसपीसीआय -के' द्या. प्रत्येक भागाखाली कोणता ड्रायव्हर लागलाय ते दिसतं. दहा मिनिटांचं काम आहे. विकणारा "कशाला, चालतंय ना" म्हणू लागला तर वीस मिनिटं घ्या.

आता स्टाफरूमसाठी. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आपल्या लॅबमधली सहाव्या-सातव्या पिढीच्या इंटेलची मशिन्स विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाहीत, म्हणून ती भंगारात निघणार असं कानावर आलंय. त्यातल्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर कितीतरी वर्षांपासून कर्नलमध्ये आहे. एकेक एसएसडी घातली तर ती हॉस्टेलच्या रीडिंग रूममध्ये आणखी काही वर्षं आरामात चालतील. ज्यांच्या घरून त्या कॉन्फिगच्या कागदाएवढे पैसे येत नाहीत, अशी मुलं प्रत्येक मजल्यावर आहेत. भाग सुटे करून वाटू नयेत, कारण अशा ब्रँडेड मशिनचा बोर्ड आणि पॉवर सप्लाय बऱ्याचदा त्यांच्याच मापाचा असतो, साध्या कॅबिनेटमध्ये जात नाही. अख्खी मशिन्स द्यावीत. नवीन खरेदीच्या टेंडरमध्ये 'सर्व भागांचे ड्रायव्हर मूळ लिनक्स कर्नलमध्ये असावेत' ही एक ओळ घालावी. आणि जुनी देताना बायोसचा पासवर्ड तेवढा काढून द्यावा. तो लावणारे लॅब असिस्टंट गेल्या वर्षीच निवृत्त झालेत.