मधल्या खांबावरही लाईन टिकली पाहिजे

पावसाळ्यात पालघर तालुक्यातल्या एखाद्या गावाची वीज गेली की वायरमन ११ केव्हीच्या लाईनखालून एकेक खांब तपासत बसत नाही. तो लाईन मधोमध तोडणारा एबी स्विच उघडतो आणि सबस्टेशनला फोन करून लाईन चार्ज करायला सांगतो. लाईन टिकली तर फॉल्ट पुढे, ट्रिप झाली तर मागे. उरलेल्या भागाची पुन्हा मधोमध फोड. काही ट्रायलमध्ये तो दोन खांबांमधल्या नेमक्या गाळ्यावर पोचतो.

सॉफ्टवेअर लिहिणारेही हेच करतात. लायनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी ‘गिट’ बनवले. प्रोग्राममधला प्रत्येक बदल ते क्रमाने नोंदवून ठेवते आणि त्यातली ‘बायसेक्ट’ ही सोय वायरमनचीच रीत वापरते. प्रोग्राम शेवटचा नीट चालला त्यानंतर १,००० बदल झाले असले, तरी दहाएक चाचण्यांत दोषी बदल सापडतो.

अट एकच: कुठल्याही टप्प्यावर थांबले तरी प्रोग्राम चालला पाहिजे.

ही अट बहुतेकदा क्रम चुकल्याने मोडते. समजा, बोईसरच्या एखाद्या कारखान्यात रिअॅक्टरचे तापमान वाचणारा कोड बदलायचा आहे. आधी नवा कोड जुन्याच्या शेजारी उभा करावा, मग अलार्म त्यावर वळवावा, जुना शेवटी काढावा. घाईत जुना आधी काढला, तर मधल्या टप्प्यावर प्रोग्राम सुरूच होत नाही. संध्याकाळपर्यंत सगळे जुळून येते, म्हणून कुणाला त्याचे काही वाटत नाही. पण सहा महिन्यांनी अलार्म उशिरा वाजू लागतो आणि शोध नेमका त्या मोडक्या टप्प्यावर येऊन अडतो. तो ‘स्किप’ करता येतो. मात्र सलग चार-पाच टप्पे असेच निघाले, तर एका दोषी बदलाऐवजी संशयितांची यादी हाती येऊ शकते. चाचणी आपोआप चालत असेल तर धोका आणखी मोठा. वेगळ्याच कारणाने आलेले अपयश ती तोच बिघाड समजते, शोध चुकीच्या अर्ध्यात शिरतो आणि भलत्याच बदलावर ठपका बसतो.

क्रम म्हणजे कागदावरचा अनुक्रमांक नव्हे. तारापूर अणुवीज केंद्राचा ५४० मेगावॉटचा चौथा संच २००५ मध्ये सुरू झाला आणि तिसरा २००६ मध्ये. जो स्वतःच्या पायावर उभा राहिला, तो आधी. लिनक्सची नियमावलीही हेच सांगते: मालिकेतल्या प्रत्येक बदलानंतर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बांधता आणि चालवता आला पाहिजे, कारण बायसेक्ट करणारा माणूस ती मालिका कुठेही तोडू शकतो.

याला वेळ लागतो, हे खरे. पाच ओळींच्या कामाचे तीन तुकडे करायचे, प्रत्येक चालवून पाहायचा, नावे बदलणे आणि वागणूक बदलणे एकाच नोंदीत घालायचे नाही. संध्याकाळी घरी निघायच्या घाईत हे नकोसे होते. तरीही ते करावेच. तारापूर एमआयडीसीतल्या औषध कारखान्यांत प्रत्येक बॅचची टप्प्याटप्प्याने नोंद ठेवावी लागते. यंत्रे चालवणाऱ्या प्रोग्रामलाही तीच शिस्त लागू व्हायला हवी.

सुरुवात पालघर जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी करावी. प्रोजेक्ट तपासताना शेवटचा प्रोग्राम चालतो का, एवढेच पाहून थांबू नये. मधली कुठलीही एक नोंद उघडावी, ती चालवून बघावी आणि तिलाही गुण द्यावेत.