रक्तशुद्धीचा हिशेब

स्पेनच्या जुन्या इतिहासाशीं आमच्या वाचकांचा काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. ज्या समाजांत माणसाची किंमत करणीवरून न होतां कुळावरून होते, त्या समाजानें हा इतिहास अवश्य वाचावा, असें आमचें उत्तर आहे.

मध्ययुगीन स्पेनांत ख्रिस्ती, मुसलमान व यहुदी शतकानुशतकें शेजारीं राहिले. टोलेडो शहरीं १२ व्या शतकांत अरबी ग्रंथांचीं लॅटिन भाषांतरें झालीं, तीं या शेजाराच्याच बळावर. पुढें वारें फिरलें. १४४९ सालीं त्याच टोलेडोंत, ज्यांचे वाडवडील यहुदी होते अशा ख्रिस्त्यांना अधिकारपदें बंद करणारा ठराव झाला. धर्म बदलला तरी रक्त बाटलेलेंच, असा त्याचा अर्थ! १४९२ सालीं यहुद्यांना बाप्तिस्मा कीं देशत्याग असा हुकूम सुटला. १६०९ ते १६१४ या काळांत मोरिस्को, म्हणजे मुसलमानांचे ख्रिस्ती झालेले वंशज, सुमारें ३ लाख हद्दपार झाले. वालेन्सियांत शेतें ओस पडलीं, जमीनदारांचे खंड बुडाले, आणि त्यांना कर्ज देणारेही अडचणींत आले. आमच्या व्यापारी वाचकांनीं हा ताळेबंद ध्यानांत ठेवावा.

हें सारें समजण्यास एकच ग्रंथ पुरत नाहीं. धंद्यानें पुस्तकप्रकाशक असलेल्या हेन्री चार्ल्स ली या अमेरिकन गृहस्थांनीं स्पेनच्या दप्तरांतील नकला मागवून इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाचा चार खंडी इतिहास १९०६-०७ सालीं छापला. त्यांतील निवाडा कडक आहे. हेन्री केमेन यांनीं १९६५ पासून दाखविलें कीं, बळींचे प्रचलित आकडे शत्रुराष्ट्रांच्या प्रचारानें फुगलेले होते. आमेरिको कास्त्रो यांनीं १९४८ सालीं स्पॅनिश स्वभाव तिन्ही समाजांच्या सहवासांतून घडला असें मांडलें. सांचेस-आल्बोर्नोस यांनीं १९५६ सालीं त्याचें जोरदार खंडन केलें. दोघेही यादवी युद्धानंतर परदेशीं राहिलेले, आणि दोघांचेही ग्रंथ ब्वेनोस आयरेस येथेंच छापले गेले! दोन्ही बाजू वाचल्यावांचून न्याय होत नाहीं. मात्र आकडे कमी ठरले म्हणून अन्याय न्याय होत नाहीं, हेंही तितकेंच खरें.

या आगीची धग आमच्या किनाऱ्यापर्यंत पोंचली होती. १४९२ सालीं स्पेन सोडून पोर्तुगालांत गेलेल्या यहुदी कुटुंबांतील गार्सिया द ओर्ता हा वैद्य गोव्यांत आला आणि हिंदुस्थानच्या औषधींवरील त्याचा ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांतच छापला गेला. तो १५६८ सालीं वारला. पुढच्याच वर्षीं पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयानें त्याच्या बहिणीला जाळविलें, व १५८० सालीं त्याचीं हाडें उकरून तींही जाळलीं. ज्याच्या विद्येचा सर्वांना उपयोग, त्याचें रक्त मात्र अपवित्र!

पोर्तुगीजांच्या ‘कास्ता’ शब्दावरूनच आमच्या जातीला ‘कास्ट’ हें इंग्रजी नांव मिळालें. नांव त्यांचें, पण दुखणें आमच्याही घरचें. नगरवाचनालयांनीं हे ग्रंथ मागवावे, आणि ते वाचून प्रत्येकानें आपल्या घरची वही तपासावी. कुळ विचारून दार लावणारा समाज बाहेरच्याला दरिद्री करण्यापूर्वीं स्वतःच दरिद्री होतो.