कोट आणि कोटिंग

एप्रिल-मे आला की द्रोणागिरीच्या सीएफएसमध्ये रेनकोट-जॅकेटचे कार्टन उघडायला लागतात. इनव्हॉइसवर शब्द ठरलेला: ‘वॉटरप्रूफ’. तो दुकानदाराच्या कामाचा. पाणी किती अडतं याच्याशी आपल्या टॅरिफला देणंघेणं नाही. ते कशाने अडतं, हे बघायचं.

अख्खा पीव्हीसी शीटचा रेनकोट ३९२६ मध्ये. वोव्हन कापडाला पीयूचा थर असेल आणि तो दिसत असेल, तर कापड ५९०३ चं आणि जॅकेट ६२१० मध्ये. होजिअरीचं असेल तर ६११३. थेंब घरंगळतात पण थर दिसत नाही, नुसतं फिनिश मारलंय, असं वोव्हन जॅकेट ६२०१-६२०२ मध्येच राहतं. चॅप्टर ५९ ची नोट थर ‘उघड्या डोळ्यांनी’ दिसायला हवा म्हणते, आणि नुसता रंग बदलला तर तो धरू नका असंही बजावते.

अमेरिकेने मोजमाप ठरवलं आहे: ६०० मिलिमीटर पाण्याच्या दाबाखाली दोन मिनिटांत एक ग्रॅमपेक्षा जास्त पाणी आत शिरता कामा नये. कृत्रिम धाग्याच्या पुरुषांच्या विंडचीटरला पास झाल्यास मूळ ड्यूटी ७.१ टक्के, नापास झाल्यास २७.७. २०१५ च्या कायद्याने तर ‘रिक्रिएशनल परफॉर्मन्स आउटरवेअर’ असा वेगळा वर्गच काढला. आपल्याकडे तो मार्ग नको, असं आमचं मत. दर कन्साइनमेंटला लॅब आली तर डिटेन्शन कोण भरणार?

पण डोळ्यांची अट शोभत होती ती असेसिंग ऑफिसर न्हावा शेव्यात बसायचा तेव्हा. सॅम्पल टेबलावर ठेवलं, त्याने बोट फिरवलं, विषय मिटला. ऑक्टोबर २०२० च्या अखेरीस फेसलेस असेसमेंट देशभर लागू झाली. आता निर्णय करणारे डोळे दुसऱ्याच बंदरावर असू शकतात, आणि त्यांच्यापुढे कापड नसतं, पीडीएफ असते.

गेल्या वर्षी पुरवठादाराच्या स्पेसिफिकेशनवर विसंबून आम्हीच एक जॅकेट ६२१० मध्ये भरलं. शेडमध्ये अस्तराची शिवण ब्लेडने दोन इंच उसवली, तर कापड दोन्ही अंगांनी सारखंच. ना पांढरट पापुद्रा, ना चकाकी. नखाने खरवडलं तरी काही निघेना. लॅबचा रिपोर्ट येईस्तोवर बॉक्स यार्डात बसला.

त्यात एचएसचा (हार्मोनाइज्ड सिस्टिमचा) १ जानेवारी २०२२ चा बदल काहींच्या आयटम मास्टरमध्ये अजून उतरलेला नाही. पूर्वी ६२१० २० मध्ये ओव्हरकोट-रेनकोटच्या जातीचेच कपडे जात. कोटेड विंडचीटर ६२१० ४० मध्ये. आता ६२०१ च्या प्रकारचं सगळं, विंडचीटरसकट, ६२१० २० मध्ये जातं. बायकांचं ६२१० ३० मध्ये. इनव्हॉइसवर जुना ४० दिसला की पोरं तोच टाइप करून मोकळी होतात. सेल्फ असेसमेंट २०११ पासून आहे. कलम २८ ची नोटीस आल्यावर ‘कोड पुरवठादाराने दिला’ ही सबब कोण ऐकणार?

तेव्हा बिल ऑफ एन्ट्री भरण्याआधी कापडाचा तुकडा मागवा, उलटसुलट फोटो काढून ई-संचितवर चढवा आणि डिस्क्रिप्शनमध्ये ‘वॉटरप्रूफ’ऐवजी थर कशाचा, कोणत्या बाजूला, दिसतो की नाही, ते लिहा. माल नेहमीचा असेल तर मुंबईच्या अ‍ॅडव्हान्स रूलिंग प्राधिकरणाकडे जाता येतं. निवाडा तीन वर्षं चालतो. मात्र कायदा बदलला की तो गळतो, आणि एचएसची पुढची आवृत्ती १ जानेवारी २०२८ ला येते आहे. अर्ज करायचा तर तारखांचा हिशेब आधी मांडा.