कामून गप झालीस, आत्या?

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. तेही घरच्यांशीच. वाचून रागावू नका.

बोरीची माझी आत्या चौथी शिकलेली. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झालं, नातवाचा जुना फोन तिच्या हातात आला आणि एका बोटानं टाइप करत ती आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहायला लागली. "कामून आला नाहीस. इकडं लई पानी झालं. सोयाबीन काळं पडलं. पोरं काय करायलीत." एवढंच असायचं. पण वाचलं की तिचा आवाज कानात यायचा.

गेल्या पावसाळ्यात माझ्या पुतण्यानं तिला उत्तर दिलं, "आजी, पानी नाही, पाणी. आणि कामून असा शब्दच नाही." पुढे हसरा चेहरा. त्यावर चौघांनी अंगठे दाखवले. त्यातला एक माझा.

तेव्हापासून आत्या लिहीत नाही. रोज सकाळी गुलाबाचं फूल आणि कुणीतरी बनवलेला सुविचार पुढे ढकलते. सुविचारातलं शुद्धलेखन अगदी चोख असतं हं! सोयाबीनचं पुढे काय झालं, ते मात्र कळलं नाही.

आता मला सांगा, भाषा कुणी बिघडवली?

मोबाईलमुळे मराठीची वाट लागली, पोरं शब्द तोडून लिहितात, ही तक्रार मी लग्नकार्यात नेहमी ऐकतो. करणारे बहुधा तेच, जे आयुष्यभर पोस्टकार्डावर 'सा. न. वि. वि.' लिहीत आले. 'ती.', 'चि.', 'सौ.', 'क. लो. अ.' हे काय होतं मग? कार्ड लहान, मजकूर फार, म्हणून शब्द आखडले. त्याला आपण रीत म्हटलं. पोरांनी केलं की बिघाड!

रोमन अक्षरांतल्या मराठीचंही तसंच. एका एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरं १६० बसायची, देवनागरी फक्त ७०. त्यात कित्येक फोनवर मराठीऐवजी नुसते चौकोन दिसायचे. लोकांनी हाताशी होतं त्यात काम भागवलं. मराठीवरचं प्रेम आटलं म्हणून नव्हे, आईला 'पोचलो' कळवायचं होतं म्हणून.

आणि ज्या नियमांनी आपण आत्याला गप्प केलं, ते काही ज्ञानेश्वरांच्या काळापासून चालत आलेले नाहीत. साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनानं १९६२ साली मान्य केले, १९७२ साली आणखी चार. आत्याचा 'कामून' त्यांच्या आधीपासून परभणीत नांदतोय. तो चुकलेला शब्द नाही, छापलेल्या पुस्तकात जागा न मिळालेला शब्द आहे. फोनमुळे पहिल्यांदाच तो बोलणाऱ्या बाईच्या हातून लिहिला गेला, आणि आपण लगेच लाल पेन काढलं.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा याच ग्रुपवर पेढ्यांची चित्रं पडली होती. ज्या लीळाचरित्राचा आपण अभिमान सांगतो, त्यातलं गद्य बोलण्याचंच आहे. महानुभावांच्या नागदेवाचार्यांनी केशवराजाला संस्कृतात लिहू नको म्हणून सांगितलं, कारण पंथातल्या म्हाताऱ्या बायका त्याला मुकल्या असत्या. आणि जनाबाई तर आमच्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची. तिनं विठ्ठलाशी बोलायला दळण-कांडणाचीच भाषा वापरली. आम्ही सातशे वर्षांनी घरातल्या म्हातारीला काय सांगितलं? आधी 'ण' नीट काढ, मग बोल.

नियम नकोत असं मी म्हणत नाही. पाठ्यपुस्तक, अर्ज, बातमी सगळ्यांना सारखी कळायला हवी, तिथं प्रमाणभाषा लागतेच. पुतण्यानं परीक्षेत 'पानी' लिहिलं तर मीच ओरडेन. पण ग्रुपवर लिहिणं म्हणजे ओसरीवर बसून बोलणं. ओसरीवर कुणी कुणाचे गुण कापत नाही.

परवा मी धीर करून लिहिलं, "आत्या, कामून गप झालीस? माझं चुकलं." दिवसभर काही नाही. रात्री दहाला तिचा निरोप आला. अकरा ओळी, एकही पूर्णविराम नाही. सोयाबीन गेलं, कापूस थोडा हाती लागला, गाय व्याली, गुडघा दुखायलाय, अन् तू कवा येतोस.

पुतणेबुवा, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. आजीला उत्तर द्या. आणि यातल्या माझ्या चुका काढायच्या असतील तर खुशाल काढा, मला सवय आहे :-)