हे पित्ताचं दुखणं नव्हे!

मैत्रिणींनो, डोकेदुखी ही आपली जन्माची सोबतीण. उपास घडला, ऊन लागलं, जागरण झालं, की कपाळाला बाम चोळायचा, आल्याचा चहा घ्यायचा आणि पुन्हा कामाला लागायचं. एरवी तेवढं पुरतंही. पण एक डोकेदुखी अशी आहे, की तिच्यावर घरगुती उपाय नाही.

गेल्या वर्षी माझ्या थोरल्या जाऊबाई भाकरी थापता थापता "डोक्यात काहीतरी फुटलं गं" म्हणत खाली बसल्या. लगेच उलटी झाली. घरात सगळ्यांचं एकमत, पित्त! लिंबूपाणी देऊन निजवलं. संध्याकाळी दुखणं जरा उतरलं, पण मान वाकेना, उजेड सोसेना. मग मात्र घनसावंगीहून जालना आणि तिथून रातोरात छत्रपती संभाजीनगर गाठलं. सीटी स्कॅनमध्ये मेंदूभोवती रक्त दिसलं.

सायकलच्या जुन्या ट्यूबला एका जागी फुगा येतो ना, तसाच मेंदूच्या धमनीला येतो. डॉक्टर त्याला ॲन्युरिझम म्हणतात. कित्येकांत तो जन्मभर गुपचूप राहतो. फुटला की जिवावर बेततं. पुरुषांपेक्षा बायकांत तो अधिक आढळतो. उच्च रक्तदाब आणि धूम्रपान त्याला खतपाणी घालतात. एकदा फुटलेला फुगा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या 24 तासांत सर्वांत जास्त! म्हणूनच 'आता उतार आहे, उद्या बघू' हे महागात पडतं.

उपाय मुख्यतः दोन. एक, कवटी उघडून फुग्याच्या मानेला बारीक चिमटी लावायची, वाळत घातलेल्या कपड्याला लावतो तशी. 1937 साली अमेरिकेत डॉ. वॉल्टर डँडी यांनी चांदीची चिमटी लावून ही वाट दाखवली. दुसरा, जांघेतल्या धमनीतून नळी वर नेऊन फुग्यात प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरायची. ही डॉ. ग्विदो गुग्लिएल्मी यांची 1990 पासूनची पद्धत. यात डोकं उघडावं लागत नाही. फुग्याची जागा आणि आकार पाहून डॉक्टर ठरवतात. अडीच सेंटिमीटरहून मोठे फुगे दुर्मीळ. तिथे कधी कधी चिमटी बसत नाही. मग पायातली शीर किंवा हातातली धमनी जोडून रक्ताला वळणरस्ता करून देतात आणि मूळ वाट बंद करतात.

जाऊबाईंना चिमटी बसली. त्या आता घरचं सगळं करतात. नावं तेवढी चटकन आठवत नाहीत.

एवढं ध्यानात ठेवा:

* क्षणात उठलेली, आयुष्यातली सर्वांत जबर डोकेदुखी, सोबत उलटी, ताठ मान किंवा गुंगी असेल तर लगेच 108 ला फोन करा.
* गुंगीत पाणी, चहा, गोळी काही देऊ नका. कुशीवर निजवा.
* दुखणं किती वाजता सुरू झालं, ते डॉक्टरांना नेमकं सांगा.
* रेशनकार्ड, आधारकार्ड बरोबर घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदूच्या शस्त्रक्रियाही आहेत. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.
* रक्तदाब अधूनमधून तपासून घ्या.

घरातलं दुसरं कुणी आजारी पडलं तर आपण धावत नेतो. स्वतःचं दुखणं मात्र स्वयंपाक उरकेपर्यंत थांबवतो. हे दुखणं थांबत नाही, बरं का!